पाठ केलेला पाऊस

पाऊस मी पौषाच्या थंडीत पाठ केला. पहाटे चारला आई उठवायची. न्हाणीतल्या चुलीत लाकडं सारून, वर पाण्याचा हंडा चढवून ती गोठ्यात जायची आणि मी चुलीपुढं पाटावर बसून, अंगावर घोंगडी ओढून सुरू व्हायचे: ‘खिडकीत बसून मी पावसाची रिमझिम पाहत होते. दूर मोरांनी पिसारे फुलवले होते. धरणीमाता हिरवा शालू नेसून नटली होती.’ बाहेर दात वाजतील अशी थंडी, अंगणात दव, आणि माझ्या तोंडात आषाढ. 1995 ची माझी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी. तो निबंध मी तेव्हा किती वेळा म्हटला असेन ते मोजलं नाही, पण शेवटी शेवटी हंड्यातलं पाणी आधणाला लागेपर्यंत तो बरोबर चार वेळा म्हणून व्हायचा.

निबंधांचं ते पुस्तक बेळगावहून आणलेलं. पुण्या-मुंबईकडं छापलेलं, पिवळट कागदाचं, आमच्या घरात यायच्या आधी दोन वर्गांतून फिरलेलं. वर्गात सगळ्यांचा सल्ला एकच होता. दहा विषयांचे दहा निबंध कोण पाठ करणार? एकच चांगला, मोठा, अलंकारिक निबंध घोटून ठेवायचा आणि तो मिळेल त्या विषयाला जोडायचा. पाऊस त्याला सगळ्यात सोयीचा. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आला तर जसाच्या तसा. ‘माझा आवडता ऋतू’ आला तर वर दोन ओळी. ‘मी पाहिलेला पूर’ आला तर मधे पाणी वाढवायचं. ‘शेतकऱ्याचे मनोगत’, ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘वृक्षांचे महत्त्व’, सगळीकडं पाऊस नेता येतो. जोडकाम तेवढं चार ओळींचं. त्या चार ओळी हॉलमधे बसून सुचवायच्या, बाकी सगळं तयार.

पाठ करायची पण एक रीत होती, आणि ती मी आजही मुलांना सांगते, कारण ती खरी आहे. सुरुवातीपासून घोकत गेलं की पहिला परिच्छेद शंभरदा होतो आणि शेवटचा दहादा. मग पेपरात शेवटाकडं जाता जाता वाक्यं विरळ होत जातात. म्हणून आधी शेवटचा परिच्छेद पक्का करायचा, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. म्हणताना आपण कच्च्यातून पक्क्याकडं चालत जातो, धीर वाढत जातो. प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द ही खुंटी. खुंटी सापडली की पुढचं कापड आपोआप लटकतं. माझ्या खुंट्या तळहातावर बोटानं गिरवायची सवय होती: खिडकी, मोर, धरणी, छत्री, इंद्रधनुष्य.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेपासून हाकेच्या अंतरावर. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीचं बोलणं, पंचांग, हरिपाठ, तमाशा काहीच बदललं नाही. बदललं ते आमचं परीक्षेचं बोर्ड. म्हणून महाराष्ट्रातली मुलं द्यायची तसली एसएससी आमच्या वाट्याला नव्हती. आमची एसएसएलसी, 625 मार्कांची, त्यात प्रथम भाषेला 125. आमची प्रथम भाषा मराठी. सगळ्या विषयांत जास्त मार्कांचा पेपर आपल्या आईच्या भाषेचा, ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटायची.

पण आईची भाषा आणि पेपरातली भाषा एक नव्हती, हे त्याच वर्षी नीट कळलं. आमच्याकडं मुलीसुद्धा ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. आणि ‘मी पाऊस बघितलो’ म्हणतात. वहीत मी तेच लिहिलेलं. सरांनी ‘बघितलो’भोवती तांबडं वर्तुळ काढलं आणि म्हणाले, “बघितला कोण? पाऊस. क्रियापद पावसाच्या मागनं जातंय, तुझ्या मागनं न्हाई.” मला ते पटायला वेळ लागला. बघणारी मी आणि क्रियापद पावसाचं? पुढं कन्नड जरा कळायला लागल्यावर ध्यानात आलं, की ‘नानु मळे नोडिदे’ म्हणताना कन्नडातलं क्रियापद बघणाऱ्याच्याच मागं जातं. शेजारी राहून राहून आमच्या बोलीनं ती चाल उचलली. सरांनी चूक म्हणून जे गोल केलं ते चुकून आलेलं नव्हतं. शेकडो वर्षं एका बाजारात, एका बांधावर उभं राहून आलेलं होतं. तरी सरांचंही बरोबर होतं. पेपर तपासणाऱ्याला आमचा बांध कुठं माहीत? आणि खरं सांगते, ‘मी पाऊस पाहिला’ हे माझ्या तोंडी बसलं ते व्याकरणाच्या नियमानं नाही. त्या पाठ केलेल्या निबंधानं बसवलं. रोज पहाटे चार वेळा म्हणून म्हणून ती चाल जिभेला कळली. म्हणून मी घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवू शकत नाही.

कन्नडाची गोष्ट याच्या उलट. तिथं शब्दच परके. प्रबंध म्हणजे निबंध, त्याचे तीन भाग ठरलेले: पीठिके, विषय विवरणे, उपसंहार. एक अर्ज. आणि एक गादे, म्हणजे म्हण देऊन तिचा विस्तार. आम्ही बहुतेक मुलं हे सगळं आधी देवनागरीत लिहून घ्यायचो, त्यावरून पाठ करायचो आणि मग कन्नड अक्षरांत उतरवायचो. कान मराठी, हात कन्नड. पण देवनागरीत एकच मात्रा, आणि कन्नडात ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ वेगळा. ‘बेळे’ ऱ्हस्व म्हटलं तर शेतातलं पीक, लांबवलं तर डाळ. माझ्या वहीत दोन्ही सारखेच दिसायचे. शेवटी दीर्घ असेल तिथं मी वर पेन्सिलनं बारीक टिंब द्यायला लागले. ओत्तक्षराचं तसंच, जोडाक्षरातला दुसरा हिस्सा खाली लोंबतो तो. देवनागरीतनं कन्नडात जाताना तो हमखास विसरायचा.

गादेच्या विस्ताराची सुरुवात मात्र कुणीच विसरायचं नाही, कारण म्हण कुठलीही येवो, सुरुवात तीच: ‘वेद सुळ्ळादरू गादे सुळ्ळागदु’. वेद खोटा ठरेल, म्हण खोटी ठरणार नाही. हे लिहिलं की पानावर एक ओळ भरली. मग दिलेली म्हण. आमच्या तयारीत होती, ‘कै केसरादरे बायी मोसरु’. कै म्हणजे हात, बायी म्हणजे तोंड, मोसरु म्हणजे दही, एवढं बाजारात ऐकून माहीत होतं. केसरु म्हणजे काय हे मी कुणाला विचारलंच नाही. विचारावं असं वाटलंही नाही, कारण मला ते माहीत आहे असं वाटायचं. केसर म्हणजे केशर. हात केशराचे झाले तर तोंडात दही. लग्नकार्यातली काहीतरी शुभ म्हण असावी. खाली गाईडात अर्थ होताच, ‘कष्टाशिवाय फळ नाही’, आणि केशराचा कष्टाशी काय संबंध हे मी स्वतःला विचारलं नाही. सहा-सात ओळींचा तो विस्तार मी एकही शब्द न चुकता लिहू शकत होते, केशरासकट.

सराव परीक्षेत मराठीला विषय आला ‘नदीचे मनोगत’. मी खूश. पाऊस तयार होता. ‘मी नदी बोलते आहे’ असं लिहिलं, दोन ओळींचा सांधा घातला आणि पाठ केलेला निबंध सोडून दिला. हात आपसूक पळत होता.

पेपर वाटताना सरांनी मला उभं केलं. ओरडले नाहीत. माझंच वाक्य शांतपणे वाचलं: “खिडकीत बसून मी पावसाची रिमझिम पाहत होते.” मग विचारलं, “नदी खिडकीत बसती व्हय गे?”

वर्ग हसला. मला रडू आवरेना. ‘मी’ बदलली होती आणि वाक्य तसंच राहिलं होतं. लिहिताना एकदाही माझ्या डोळ्यांपुढं नदी आली नव्हती. पाऊसही आला नव्हता. नुसती खुंटी आली होती आणि तिच्यावर लटकलेलं कापड.

सरांनी वर्गाला गप्प केलं आणि खडू घेऊन फळ्याकडं वळले. “तुमच्या गावाजवळनं कंची नदी जाती?” मलप्रभा. “उगम कुठं?” कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ. तेवढं माहीत होतं, आम्ही यात्रेला गेलो होतो. “आणि जाती कुठं?” हे मला माहीत नव्हतं. निबंधाच्या पुस्तकातली नदी शेवटी ‘सागराच्या कुशीत’ जाते, म्हणून मी म्हटलं, समुद्राला. कणकुंबीहून चोर्ला घाट उतरलं की गोवाच, समुद्र तिकडंच. सरांनी फळ्यावर रेघ ओढली ती उलटी, पूर्वेकडं. समुद्राच्या एवढ्या जवळ जन्मून ही नदी त्याच्याकडं पाठ फिरवते. खानापूरवरून निघते, सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात थांबते, आणि पुढं कूडलसंगमला, बसवण्णांच्या समाधीच्या गावाला कृष्णेत मिसळते. मग त्यांनी तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक रेघ काढली, पश्चिमेला जाणारी. म्हादई. आपल्याच तालुक्यातली, ती मात्र गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. एका तालुक्याच्या दोन लेकी, एक इकडं दिली, एक तिकडं.

“आता ह्यातलं तुझ्या निबंधात काय हाय?” सर म्हणाले. “पाठ कर, माझं काय म्हणणं न्हाई. पण आधी तुझं तू लिही आणि मग ते पाठ कर.”

त्या संध्याकाळी चुलीपुढं मी कोरा कागद घेऊन बसले. ‘पावसाची रिमझिम’ एवढं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. आई भाकऱ्या थापत होती. तिची शाळा दुसरीपर्यंतची. इतके दिवस ती माझा निबंध रोज पहाटे ऐकत होती आणि काही बोलली नव्हती, कारण ते पुस्तकातलं होतं. आता मी लिहितेय म्हटल्यावर तिनं मान वर केली.

“रिमझिम म्हंजे काय गे? नट्टीच्या टायमाला कुठनं आलाय रिमझिम? झड असतीय झड.”

आणि मग ती सांगत राहिली आणि मी लिहीत राहिले. भाताची रोपं लावायच्या कामाला आमच्याकडं नट्टी म्हणतात. तरव्यातनं रोप उपटायचं, मुळांची माती पाण्यात झटकायची, पेंड्या बांधायच्या, चिखलणी केलेल्या वावरात त्या लांबून फेकायच्या, अशा की जिथं बाई पोचेल तिथंच पेंडी पडली पाहिजे. ओळीनं वाकायचं आणि मागं मागं सरकत लावायचं. पुढं सरकलं तर लावलेलं तुडवलं जातं. दिवसभर पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस, आणि पायाखाली चिखल इतका गार की दुपारनंतर बोटं आपली आहेत का दुसऱ्याची ते कळत नाही. मृग पेरणीचा. आडदरा, म्हणजे आर्द्रा नक्षत्र, लागला की नदीचा रंग बदलतो, तांबडी माती उतरते. मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, तो उड्या मारतोय. मग पुष्याचा म्हातारा. “म्हाताऱ्याला घाई नसती,” आई म्हणाली. “तो बसून पडतोय.”

हे मी तिच्या तोंडचं घेतलं आणि पेपराच्या मराठीत बसवलं. ‘म्हाताऱ्या पावसाला घाई नसते. तो बसून पडतो. त्याचे पडणे थांबेपर्यंत बांधावरचे बेडूकही ओरडायचे थांबतात.’ बेडूक माझे. बाकी आईचं. निबंधाची शेवटची ओळ नदीची होती, पूर्वेला जाणाऱ्या. मोर काढून टाकला. आमच्या शिवारात मोर पावसाआधी ओरडतो हे खरं, पण नट्टीच्या दिवसांत मान वर करून मोर बघायला कुणाला वेळ असतो?

मग तो पाठ करायला बसले आणि एक नवीनच अडचण. दुसऱ्याचा निबंध दगडासारखा असतो, जिथं ठेवला तिथं सापडतो. आपला सारखा हलतो. म्हणता म्हणता वाटायचं, ‘गार’ नको, ‘बधिर’ बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘गार’. तिसऱ्या दिवशी आणखी काही आठवायचं आणि ते घातलं की पुढच्या खुंट्या हलायच्या. पुस्तकातला पाऊस पंधरा दिवसांत पक्का झाला होता. माझा व्हायला महिना लागला. पण एकदा झाल्यावर एक शब्द निसटला तरी बाकीचं कोसळत नव्हतं. ‘इरलं’ आठवलं नाही तर डोळ्यांपुढं वाकलेली आई यायची आणि तिच्या पाठीवर जे असेल ते लिहिता यायचं. आधीच्या निबंधात शब्द निसटला की पुढं काळोख.

खानापूरच्या सेंटरात पेपर झाला. तीनपैकी एक विषय शेतकऱ्याच्या आयुष्यावरचा होता, तो घेतला. सांधा घालावा लागला नाही. निबंधाला किती मार्क पडले ते मला कधीच कळलं नाही. मार्क्स कार्डावर विषयाचा आकडा येतो, निबंधाचा नाही.

कन्नडाच्या पेपरात गादे मी केशरानंच लिहिली, आणि पास झाले.

त्या केशराचा उलगडा तीन-चार वर्षांनी झाला. मी कॉलेजला होते, जुलैत घरी आले होते. आमच्या वावरात नट्टी चाललेली. लावणाऱ्या बायकांत एक म्हातारी होती, माहेर बैलहोंगलकडचं, आमच्याशी मोडकं मराठी बोलायची आणि स्वतःशी कन्नड. दुपारी मी जेवण घेऊन बांधावर गेले. ती वावरातून वर आली, पाटाच्या पाण्यापुढं बसली, आणि हात धुवायच्या आधी दोन्ही तळवे असे समोर धरून बघत राहिली. कोपरापर्यंत चिखल. मग माझ्या हातातल्या दहीभाताच्या डब्याकडं बघून हसली आणि म्हणाली, “कै केसरादरे बायी मोसरु.”

मी डबा हातात घेऊन तशीच उभी. केसरु म्हणजे चिखल. हात चिखलाचे झाले तरच तोंडात दही. माझ्या आईच्या हाताला वर्षानुवर्षं जे लागलं होतं, ज्यावर मी अख्खा निबंध लिहिला होता, त्याच चिखलाची ही म्हण. ती दुसऱ्या वहीत, दुसऱ्या लिपीत, मी केशर समजून पाठ केली होती. दोन्ही वह्या एकाच चुलीपुढं घोकल्या होत्या, एकीनंतर दुसरी. म्हातारी जेवत होती. मी तिला विचारलं, अजून कुठल्या गादे येतात. तिनं त्या दुपारी पाच-सहा सांगितल्या. मी त्या देवनागरीत लिहून घेतल्या, दीर्घ ए वर टिंब देऊन. माझं खरं कन्नड तिथनं सुरू झालं.

घोकणं म्हणजे बुद्धीचा अपमान, असं बोलणारी माणसं मला भेटतात. त्यांना मी आमच्या आप्पांचं सांगते. त्यांना सगळा हरिपाठ तोंडपाठ होता, आणि तारुण्यात न कळलेले अभंग त्यांना साठीत कळत होते. ते आधी आत साठवलं नसतं तर साठीत उलगडायला काय उरलं असतं? केसरु माझ्यात कडेनं पडून होता म्हणूनच म्हातारीच्या तोंडून तो आला तेव्हा मी थबकले. पण मुलांच्या तोंडात भलत्याच गावचा पाऊस भरायचा आणि त्याला तयारी म्हणायचं, याचा मला राग येतो. तेव्हाही आला असता, कळत असतं तर. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, इथल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होत्या, आणि त्यांच्या कवितेत केवढा पाऊस आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलणारे, लिहिलं कन्नडात, आणि 1973 चं ज्ञानपीठ त्या कन्नडाला आणलं. कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंड्या निघतात. एवढं सगळं आजूबाजूला असताना आमच्या निबंधात मात्र खिडकी आणि मोर.

आता मी बेळगावात राहते, संध्याकाळी घरी चार-सहा मुलांचा अभ्यास घेते. परवा दहावीतला एक मुलगा मोबाईलवर आलेला निबंध पाठ करून आला. कागद गेला, फोन आला, पण निबंध तोच. धरणीमाता, हिरवा शालू, इंद्रधनुष्य. छान म्हटला, एकदाही न अडखळता. मी विचारलं, “तुमच्यात नट्टी झाली काय रे?” “संपली की परवाच.” “तू होतास?” तो सांगायला लागला. आता पॉवर टिलरनं चिखलणी होते, त्याच्या मागं बगळे येतात, ओळीनं, टिलरचा आवाज त्यांना आता चालतो. टिलर बंद केला की मात्र उडतात. मी त्याला म्हटलं, थांब, हे शेवटचं लिही आधी. तो लिहायला लागला. ‘टिलर बंद केलो की बगळे उडाले.’ मी ‘केलो’भोवती पेन्सिलनं हलकं वर्तुळ काढलं आणि सरांचं वाक्य त्याला सांगितलं.

गेल्या जुलैत गावी गेले होते. आई आता वावरात जात नाही, गुडघे चालत नाहीत. उंबऱ्याशी बसते. सकाळपासून पाऊस लागून होता, वारा नाही, गडगडाट नाही, एकसारखा. मी चहा घेऊन तिच्या शेजारी बसले.

“म्हातारा बसलाय बग,” ती म्हणाली.

मला एकदम तो निबंध आठवला. मी म्हटलं, “म्हाताऱ्या पावसाला घाई नसते. तो बसून पडतो...” आणि अडले. तीस वर्षं झाली, पुढचं येईना.

आईनं पावसावरची नजर काढली नाही. “त्याचे पडणे थांबेपर्यंत बांधावरचे बेडूकही ओरडायचे थांबतात,” ती म्हणाली, पेपरातल्या मराठीत, एकही अक्षर न चुकता. मग कप पुढं केला. “बेडकाचं तुझं होतं. आनी चा हाय काय गे?”